मधुमेहाची लक्षणे : मुंग्यांपासून रक्तातील आकड्यापर्यंत

वारंवार लघवी, सतत तहान, खाऊनही घटणारे वजन, थकवा ही मधुमेहाची लक्षणे तुम्ही ऐकली असतील. ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. या पाठात आपण पाहू, की ही चिन्हे कोणी व कशी ओळखली आणि आज केवळ त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे का ठरते.

१. प्राचीन भारतीय निरीक्षणे

आयुर्वेदात मूत्राच्या विकारांचा एक मोठा गट 'प्रमेह' या नावाने येतो. त्याचे वीस प्रकार सांगितले आहेत : कफज दहा, पित्तज सहा आणि वातज चार. मधुमेह हा वातज प्रकारांपैकी एक असून सुश्रुतसंहितेत त्याला क्षौद्रमेह म्हटले आहे. 'क्षौद्र' म्हणजे मध. प्रमेहाचे सामान्य लक्षण म्हणजे भरपूर व गढूळ मूत्र.

वैद्यांनी रोग पूर्ण प्रकट होण्याआधीची चिन्हे, म्हणजे 'पूर्वरूपे', वेगळी नोंदवली हे विशेष. हातापायांची आग, तहान, तोंडाला गोडसर चव आणि मूत्राकडे व शरीराकडे येणाऱ्या मुंग्या ही त्यांपैकी काही. प्रयोगशाळा नसलेल्या काळात मुंगी हीच साखरेची चाचणी होती.

सुश्रुतसंहितेत रोग्यांचे दोन वर्ग दिसतात. 'सहज', म्हणजे जन्मजात दोषाचा रोगी कृश व तहानलेला असतो. 'अपथ्यनिमित्तज', म्हणजे चुकीच्या आहारविहाराचा रोगी स्थूल, खादाड आणि बसून-झोपून राहणारा असतो. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, असा उपायही तेथे आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. हे दोन वर्ग आजच्या टाइप १ व टाइप २ शी मिळतेजुळते वाटतात; पण इन्सुलिनची कल्पनाच नसताना ते एकच आहेत असे म्हणणे म्हणजे आजचे ज्ञान भूतकाळावर लादणे होय. निरीक्षण अचूक होते, कारणमीमांसा वेगळी होती.

२. युरोपातील वाटचाल

'डायबिटीस' हा ग्रीक शब्द आरपार वाहून जाण्याचा अर्थ देतो. कॅपाडोशियाचा वैद्य अरेटेयस याने शरीराचे मांस जणू वितळून मूत्रावाटे निघून जाते, असे वर्णन केले. मूत्राच्या गोडीकडे मात्र युरोपात ठळकपणे लक्ष वेधले ते इंग्लंडच्या टॉमस विलिस याने, १६७४ मध्ये. पुढे १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने रोग्याचे मूत्र आटवून साखरेसारखा अवशेष मिळवला. रोग्याच्या रक्तद्रवालाही गोडी असल्याचे त्याने नोंदवले. यामुळे रोगाचा शोध मूत्रपिंडाकडून रक्ताकडे वळू लागला. १८१५ मध्ये शेव्रल याने ही साखर द्राक्षातील साखरेसारखीच, म्हणजे ग्लुकोज असल्याचे सांगितले.

१८७४ मध्ये कुसमाउल याने गंभीर रोग्यांचा खोल, धापा टाकल्यासारखा श्वास वर्णिला. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन दिले गेले. तोवर टाइप १ झालेल्या मुलांसाठी निदान म्हणजे जवळजवळ मृत्युपत्रच होते. उपचार हाती आल्यावर चिन्हे वेळीच ओळखण्याला जीव वाचवण्याचे मोल आले.

३. ही चिन्हे का दिसतात?

रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंड ती पूर्ण परत शोषू शकत नाही. साखर मूत्रात उतरते व सोबत पाणी ओढते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान लागते. पेशींना साखर वापरता येत नसल्याने शरीर चरबी व स्नायू मोडते. त्यातून भूक, थकवा आणि वजनातील घट. डोळ्यांतील भिंगावर परिणाम होऊन दृष्टी धूसर होते. पायांना मुंग्या येणे, जखम लवकर न भरणे, गुप्तांगाला खाज किंवा वारंवार जंतुसंसर्ग हीसुद्धा चिन्हेच.

मुलांमध्ये व तरुणांमध्ये ही लक्षणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत वाढतात. उलट्या, पोटदुखी, श्वासाला फळासारखा वास आणि खोल श्वसन दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

४. लक्षणाकडून आकड्याकडे

आता वरील १८० हा आकडा पुन्हा पाहा. आज उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर हा मधुमेहाचा निकष आहे. १९९७ पूर्वी तो १४० होता. म्हणजे १२६ आणि १८० यांच्या दरम्यान रोग असतो, पण मूत्र गोड होत नाही आणि मुंगीही येत नाही. टाइप २ मध्ये अशी मूक अवस्था अनेक वर्षे टिकू शकते आणि तेवढ्यात डोळे, मूत्रपिंड व नसा झिजू लागतात.

'मी तर सडपातळ आहे' हा दिलासाही अपुरा आहे. २००४ मध्ये पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपली छायाचित्रे शेजारी छापली. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

सारांश

वैद्यांनी डोळ्यांनी व चवीने जे ओळखले ते खरे होते, पण ते रोगाचे उशिरा दिसणारे रूप होते. लक्षण दिसले तर तपासणी लगेच करा. घरात कोणाला मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढला असेल किंवा हालचाल कमी असेल, तर लक्षणाची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्या. हे घरातील मोठ्यांनाही सांगा.

स्वाध्याय

१. 'पूर्वरूप' ही संकल्पना आणि आजची चाळणी तपासणी यांतील साम्य व फरक स्पष्ट करा.
२. डॉब्सनच्या प्रयोगामुळे मधुमेहाच्या आकलनात कोणता बदल झाला?
३. निदानाचा आकडा बदलला की 'रोगी' कोण हेही बदलते. चर्चा करा.