बंद केलेली वीज



कर्जत-खालापूरच्या मुलुखात ठाकुरवाडी नावाच्या वाड्या पुष्कळ आहेत. ठाकर समाजाची वस्ती जिथे, तिथे ठाकुरवाडी. पण त्यांतल्या एका नावाची ओळख मुंबई-पुणे मार्गावरच्या प्रत्येक इंजिनचालकाला असते. पळसदरी आणि खंडाळा यांच्या दरम्यान, ऐन बोरघाटात, ठाकुरवाडी नावाची रेल्वेची केबिन आहे. उतारूंचे तिथे काही काम नसते. तरीही घाट उतरणारी गाडी तिथे थांबवण्याची रीत आहे. मुख्य रुळातून एक फाटा काढून तो डोंगराच्या चढावर नेऊन सोडलेला आहे आणि एरवी सांधा त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक चालकाच्या ताब्यात आहेत हे सिद्ध झाले, की मगच सांधा मुख्य रुळाकडे वळतो. बोरघाट १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका कडक आहे. अशा उतारावर गाडी नीट असेलच असे धरून चालत नाही. ती सुटलेली आहे असेच धरतात आणि उलट पुरावा मागतात.

मला आज जे सांगायचे आहे त्याचे मर्म या सांध्यात आहे. कारखान्यातली मोटार चालवणारे जे यंत्र असते, ज्याला कामगार नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात, त्यात नवा भाग बसवताना माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून काय करतात, आणि ही रीत कशी घडत आली, हा आजचा विषय. इतिहासाच्या मास्तराने यंत्रात नाक कशाला खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या भागातली कितीतरी मुले शाळा सुटली की खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागतात. त्यांना हा इतिहास सांगणे मास्तरांचेच काम आहे.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली चालू लागली. त्या काळच्या गिरणीत वाफेचे एकच मोठे इंजिन असे. त्याची शक्ती दोरखंडांवरून आणि पट्ट्यांवरून माळ्यामाळ्यावर खेळवलेल्या लांबलचक शाफ्टांना मिळे आणि शाफ्टांवरून पुन्हा पट्टे खाली एकेका यंत्रावर येत. धोका मोठा, पण उघडा. पट्टा डोळ्यांना दिसे आणि त्याचा आवाज कानावर येई. धोतराचा सोगा, पदर किंवा हात त्यात सापडला की माणूस गेलाच. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना कठडा घालण्याची तरतूद आली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले, त्यात आठवड्याच्या सुट्टीबरोबर असेही होते की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. हे मागणे मला फार मोलाचे वाटते. जखमी माणूस हा गिरणीच्या हिशेबातला नगण्य आकडा नव्हे, असे त्यात प्रथमच ठणकावून सांगितले होते.

मग वीज आली, आणि ती आली आपल्याच डोंगरातून. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली खोपोलीला आणून टाटांनी १९१५ साली वीजघर सुरू केले. ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. १९२२ साली कर्जत तालुक्यातच भिवपुरीचे वीजघर चालू झाले. त्याचे पाणी मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे. नावाच्या सारखेपणाने त्याची आणि आपल्या ठाकुरवाडीची गल्लत होते, ती करू नये. भिरा हे तिसरे वीजघर १९२७ चे. त्याच्या मुळशी धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, ही गोष्ट आपण जाणताच.

विजेच्या मोटारी आल्या तसे गिरणीतले लांब शाफ्ट हळूहळू कमी झाले. यंत्रांच्या गटाला एक मोटार, पुढे तर एकेका यंत्राला स्वतःची मोटार. पट्ट्यांत सापडण्याचे भय घटले आणि दुसरे भय आले. तारेला हात लागेपर्यंत तिच्यात वीज आहे की नाही हे कळत नाही.

घाटातही तेच झाले. १९२९-३० पर्यंत कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्टची वीज आली. तिच्यावर चालणारी मालगाड्यांची लांबट इंजिने १९२८ पासून येऊ लागली होती. स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये घडलेली ही एकूण ४१ इंजिने. चालक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. एकेका इंजिनाची ताकद २६०० अश्वशक्ती होती. मोटारी आधी रोधकांमधून वीज देऊन हळूच चालू करायच्या आणि मग रोधक टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचे, अशी त्यांची युक्ती. रोधक, स्विच, फ्यूज असे सारे भाग मोठे, जड आणि डोळ्यांना दिसतील असे. भाग बदलायचा तर तो उचलायलाच चार माणसे लागत. या इंजिनांतले एक आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. शिक्षकांनी सहल नेलीच, तर मुलांना ते अवश्य दाखवावे.

पुढची पायरी इलेक्ट्रॉनिक्सची. १९५७ साली अमेरिकेत थायरिस्टर निघाला. १९८० च्या सुमारास जयंत बालिगा या भारतीय वंशाच्या अभियंत्याच्या कामातून आयजीबीटी हा वेगवान विद्युत् स्विच पुढे आला. १९९० च्या दशकात भारतीय रेल्वेने थ्री-फेज इंजिने घेतली. २०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबई भागातली १५०० व्होल्टची जुनी वीज जाऊन २५ हजार व्होल्टची आली. आणि कारखान्यांत मोटारीचा वेग हवा तसा कमीजास्त करणारे ड्राइव्ह घरोघरच्या मिक्सरइतके नसले तरी शेडोशेडी झाले.

ड्राइव्हच्या पोटात काय असते? बाहेरची वीज क्षणाक्षणाला दिशा बदलणारी. ड्राइव्ह तिला आधी एकाच दिशेची करतो, मग कपॅसिटरमध्ये साठवतो आणि शेवटी आयजीबीटीच्या साहाय्याने हव्या त्या लयीत कापून मोटारीला देतो. लय बदलली की मोटारीचा वेग बदलतो. यातला साठा लक्षात ठेवायचा. नळाखाली हंडा भरलेला असेल तर नळ बंद केल्याने हंडा रिकामा होत नाही. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये या हंड्यात सुमारे ५६० ते ५९० व्होल्ट भरलेले असतात. मुख्य स्विच खाली ओढल्यावर पडद्यावरचे दिवे विझतात, पंखा थांबतो, आणि तरीही काही मिनिटे आत माणूस मारण्याइतकी वीज असू शकते. शाफ्ट आणि पट्ट्यांच्या काळात थांबलेले यंत्र म्हणजे बव्हंशी निरुपद्रवी यंत्र. इथे तो नियम मोडला.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. ड्राइव्ह आता सुटसुटीत भागांचे बनवतात: वीज घेणारा भाग वेगळा, मोटारीला देणारा वेगळा, नियंत्रणाचे कार्ड वेगळे. एक बिघडला तर काढायचा, दुसरा सरकवायचा. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण सोयीबरोबर घाई येते. उत्पादन थांबलेले, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि भाग तर कपाटाच्या कप्प्यासारखा सरकतो. मग थांबायचे कशाला? अपघाताला नेमकी हीच वाट लागते.

म्हणून क्रम असा ठेवलेला आहे, बरं का. आधी मुख्य स्विच बंद. त्यावर काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप घालायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि नावाची पाटी लावायची. तीन जण काम करत असतील तर तीन कुलपे. मग ड्राइव्हच्या झाकणावर जेवढी मिनिटे छापलेली असतील, तेवढे थांबायचे. लहान ड्राइव्हला पाच, मोठ्याला दहा-पंधरा, असे ते असते. घड्याळ बघून मोजायचे, अदमासाने नव्हे. त्यानंतर मीटरने कपॅसिटरच्या टोकांवर वीज उरली नाही हे पाहायचे. आणि मीटर? मीटर आधी माहीत असलेल्या चालू विजेवर लावून बघायचा आणि मोजून झाल्यावर पुन्हा त्याच विजेवर लावून बघायचा. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो की हो! शून्य दिसले म्हणून हात घालणे आणि मीटर खरा आहे हे पटल्यावर शून्य मानणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे सारे झाल्यावर नियमाप्रमाणे अर्थिंग करायचे. नियंत्रणाच्या तारांना दुसरीकडून वीज येत असेल तर तीही बंद करायची. मोटार दुसऱ्या यंत्राने फिरवली जात असेल तर ती स्वतःच वीज उलट पाठवू शकते. तिला आधी अडकवून ठेवायचे.

रेल्वेच्या नव्या थ्री-फेज इंजिनांत याच शिस्तीला किल्ल्यांचे रूप दिले आहे. पँटोग्राफ उतरून इंजिन अर्थ झाल्याशिवाय ज्या किल्लीने आतली दारे उघडतात ती हाताला मिळतच नाही. ठाकुरवाडीच्या सांध्याचे हे धाकटे भावंड म्हणा. कारखान्यात मात्र ती साखळी बहुधा माणसाच्या शिस्तीवरच टिकते. भारतात १९४८ साली फॅक्टरी कायदा आला, विजेच्या सुरक्षेचे केंद्रीय नियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने आले. पण कंत्राटदाराने काल ठेवलेल्या मुलाच्या हातात कुलूप कोणी दिले, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकाने सुटत नाही.

भाग आत बसवतानाही नेटकेपणा लागतो. नवा भाग जुन्याच्याच क्षमतेचा आहे ना, हे आधी पाटीवरून ताडून घ्यायचे. मोठा भाग जड असतो. तो पुढे ओढताना कपाट पुढे झुकते आणि पायावर येते, म्हणून उचलणीची सोय करायची. कार्डाला हात लावण्यापूर्वी मनगटाला अर्थचा पट्टा बांधायचा, कारण अंगावर साठलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेनेही ते जळते. बोल्ट सांगितलेल्या जोराने आवळायचे. सैल जोड तापतो आणि एक दिवस जळतो. मुख्य वीज मोटारीच्या टोकांना जोडली गेली तर नवा कोरा भाग तत्काळ फुटतो. तारांच्या खुणा म्हणून दोनदा वाचायच्या. ड्रिल केल्याचा लोखंडी चुरा आत पडू द्यायचा नाही. वर्षभर कोठारात पडून राहिलेल्या भागाच्या कपॅसिटरना एकदम पूर्ण वीज देत नाहीत; बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे हळूहळू चढवतात.

पहिल्यांदा चालवताना मोटार यंत्रापासून सोडवलेली असेल तर उत्तम. झाकणे सगळी लावलेली, माणसे बाजूला, वेग अगदी कमी. पंप किंवा पंखा उलटा फिरला तर मोटारीकडे जाणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते. तेवढ्यासाठीही स्विच पुन्हा खाली ओढून, कुलूप घालून, छापलेली मिनिटे मोजावी लागतात.