संकटकाळातील श्रद्धा : मराठी ख्रिस्ती साहित्याचे एक अंतःसूत्र

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार वाङ्मयेतिहासात बहुधा धर्मप्रचाराच्या अंगाने झालेला आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सुरू केलेले ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी, रेव्ह. टिळकांची भक्तिगीते आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ यांची नोंद घ्यायची, ‘स्मृतिचित्रां’चा विनोद व भाषेचा साधेपणा वाखाणायचा आणि त्यामागील श्रद्धेचा प्रश्न मात्र व्यक्तिगत म्हणून बाजूला ठेवायचा, अशी रीत पडून गेली आहे. या रीतीमुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. हे साहित्य श्रद्धा मिळाल्याच्या आनंदातून जेवढे जन्मले, त्याहून अधिक ते मिळालेली श्रद्धा टिकवण्याच्या कष्टांतून जन्मले आहे.

हे कष्ट कोणत्या स्वरूपाचे होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. आरंभीच्या युरोपीय ख्रिस्ती इतिहासातील छळाच्या आणि हौतात्म्याच्या कथा येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. महाराष्ट्रातील धर्मांतरिताच्या वाट्याला तलवार आली नाही. त्याला मुकावे लागले ते घराला, पंक्तीला, पाणवठ्याला. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. तारुण्यात परमहंस सभेच्या विचारांशी संबंध आलेल्या या तरुणाने १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी या निर्णयापर्यंतचा प्रवास सांगितला आहे. त्यात तात्त्विक शंकांइतकीच जागा घरच्या माणसांच्या दुःखाला मिळाली आहे. बुद्धीला पटलेले मत आचरणात आणताना माणूस किती काळ उंबरठ्यावर घुटमळतो, याचे मराठीतील हे एक पहिले प्रामाणिक चित्रण म्हणावे लागते.

मात्र या अनुभवाचे सर्वांत समृद्ध रूप नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात दिसते. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराने या परिवर्तनाला चालना दिली, ही हकीकत सुपरिचित आहे. त्यामुळे तिच्यापेक्षा त्यानंतरची पाच-एक वर्षे अधिक महत्त्वाची आहेत. या काळात पतिपत्नी दुरावली होती. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी ती अवस्था होती. विधवेचे दुःख समाजाला समजत होते, त्याचे आचार ठरलेले होते. या दुःखाला मात्र नावही नव्हते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील या वर्षांचे निवेदन वाचताना एक गोष्ट विशेषत्वाने जाणवते. लक्ष्मीबाई कोणालाही खलनायक करीत नाहीत. टिळकांना परत फिरवू पाहणारे, त्यांना दोष देणारे, तिच्यावर नजर ठेवणारे आप्त हे सारे तिच्या कथनात आपापल्या परीने प्रेमळच राहतात. धर्मांतराने फुटलेल्या घराची कथा सांगताना, न बदललेल्यांच्या वेदनेलाही तेवढेच माप देणारे हे लेखन आहे. श्रद्धेची किंमत श्रद्धावंत एकटाच मोजत नाही. ज्यांनी ती श्रद्धा स्वीकारलेली नसते त्यांच्याकडूनही ती वसूल होते. हा कठोर व्यवहार लक्ष्मीबाईंनी हसत हसत, पण काहीही न लपवता मांडला आहे. त्यांच्या विनोदाची चर्चा पुष्कळ झाली, परंतु हा विनोद स्वभावाचा केवळ अलंकार नव्हे. ज्या आठवणीकडे सरळ पाहणे अशक्य, तिच्याकडे पाहण्याची ती वाट आहे.

पुनर्मीलनानंतरही लक्ष्मीबाईंनी लगेच धर्म बदलला नाही. नगरला टिळकांच्या जवळ येऊनही त्यांनी काही काळ आपली चूल आणि आपले सोवळे वेगळेच ठेवले. जातिभेद माणसांनी केलेला आहे, ईश्वराने नव्हे, हे त्यांच्या मनाने आधी स्वीकारले. नंतरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम अर्थपूर्ण आहे. पतीच्या मागोमाग पत्नी गेली, एवढ्या साध्या वाक्यात हा इतिहास मावत नाही. टिळकांनी वाट पाहिली आणि लक्ष्मीबाईंनी स्वतःचा निर्णय स्वतःच्या वेळी घेतला. त्यामुळेच १९१९ मध्ये टिळक गेल्यानंतर मुंबई, कराची, नाशिक अशा ठिकाणी नव्याने संसार मांडताना त्यांची श्रद्धा उसनी ठरली नाही.

टिळकांच्या श्रद्धेची कसोटी मात्र निराळ्याच बाजूने लागली. ज्या मिशनच्या आश्रयाला ते गेले, त्या मिशनची परकी चौकट त्यांना हळूहळू जाचू लागली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. अभंग, ओवी, कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली आणि मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांच्या गीतांनी मोठी जागा व्यापली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. तरीही परकीय द्रव्यावर आणि परकीय नेतृत्वावर चालणारी मंडळी या मातीत रुजणार नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे जागा होती. पहिल्या वेळी स्वकीयांचा समाज सुटला होता, दुसऱ्या वेळी नव्या आश्रयाचे छत्र सोडले गेले. दोन्ही वेळा कारण एकच, श्रद्धेशी प्रामाणिक राहण्याचे. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराचा प्रयोग त्यांच्यामागे फार वाढला नाही, पण त्यामागील प्रश्न आजही भारतीय ख्रिस्ती समाजासमोर आहे.

या दुहेरी कसोटीचे तितकेच प्रखर उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी १८७० नंतरच्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावली. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेला. म्हणजे आपत्तींची मालिका बाप्तिस्म्याच्या आधीचीच आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो संकटांतून सुटका म्हणून घेतला, असे मानण्यास आधार नाही. कारण लगेचच नवी संकटे उभी राहिली. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवण्यास नकार देणारी एक स्वतंत्र बुद्धी पदोपदी भेटते. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका घेतल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती, ती त्यांना परकी वाटली. संस्कृतात तेच का असू नये, असा त्यांचा सवाल होता. या लहानशा आग्रहात सबंध मराठी ख्रिस्ती साहित्याचे सूत्र सापडते: देव बदलला म्हणून भाषा बदलण्याचे कारण नाही.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यात आले आणि १८९३ मध्ये तेथे धर्मांतराच्या संशयावरून वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परकीय धर्मगुरूंना त्या पुरेशा आज्ञाधारक वाटल्या नव्हत्या आणि स्वकीयांना आता त्या विश्वासार्ह वाटेनात. पण यापैकी कोणत्याही बाजूला पूर्णपणे मिळून जाणे त्यांनी नाकारले. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मधून उघड केली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरांचीही नाराजी ओढवून घेतली. ख्रिस्ती झालेली व्यक्ती सत्तेची बाजू घेते, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो निराधार स्त्रिया व मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. १९०० च्या सुमारास ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक मर्यादा मान्य करावी लागते. पदमनजी, टिळक, रमाबाई हे सारे अक्षरसंपन्न होते, टिळक-रमाबाई तर ब्राह्मण पंडित परंपरेतले. नगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार, मांग अशा समाजांतून आला. दुष्काळात भाकरीसाठी धर्म बदलला, असा टोमणा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. पण सुकाळ आल्यावरही त्यांच्यापैकी कित्येक जण भजनाला बसत राहिले, आणि टोमण्याला उत्तर म्हणून ही गोष्ट कमी नाही. भाकरीपुरती असलेली श्रद्धा भाकरी मिळाल्यावर संपावयास हवी होती. टिळकांची गीते टिकली ती ग्रंथालयांत नव्हे, या मंडळ्यांच्या टाळांवर.

रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला. श्रद्धा एका दिवशी स्वीकारता येते, पण ती आपली होण्यास वेळ आणि दुःख दोन्ही लागतात, हा या कबुलीचा अर्थ. आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करू लागल्या. मुक्तिसदनाच्या मुलींनी त्याचे खिळे जुळवले. २४ जुलै १९२१ रोजी कन्या मनोरमा गेली. उतारवयात एकुलती एक लेक गमावूनही त्यांचे मुद्रिते तपासण्याचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या; ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’ची कथाही याच वळणाची आहे. टिळकांनी आरंभिलेले ते महाकाव्य अपुरे राहिले. एके काळी ख्रिस्ताचे नाव ऐकून जिचा संसार मोडला होता, त्या लक्ष्मीबाईंनी त्याच ख्रिस्ताचे चरित्र ओवीओवीने पुढे नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या, आणि उरलेला शेवट मुलाने, देवदत्ताने, केला. १९३८ मध्ये हे काव्य प्रसिद्ध झाले. पंढरपुरात आईच्या कुशीत वडिलांची वाट पाहणारा तोच दत्तू.