वार्निशचा तिसरा हात

आमच्या घरात अंधारात पाय ठेवाल तिथे लेगोचा ठोकळा टोचतो. तेव्हा ही कंपनी काढली कुणी, हे शोधणं आलंच!

डेन्मार्कमधलं बिलुंड, साल १९३२. ओले कर्क ख्रिस्तियानसन हा सुतार. मंदीत कामं आटलेली, त्यात त्याच वर्षी बायको गेली, पदरात चार मुलगे. तो लाकडी खेळणी करून विकू लागला. हाताखाली कोण, तर बारा वर्षांचा मुलगा, गॉटफ्रेड.

एकदा या पोराने लाकडी बदकांची पेटी स्टेशनवर पोचवली आणि घरी येऊन ऐटीत सांगितलं, की वार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले, पैसे वाचले. बापाने आल्या पावली परत पाठवलं. बदकं आण, तिसरा हात दे, पुन्हा पोचव.. आणि हे सगळं एकट्याने, रात्र गेली तरी चालेल.

ही गोष्ट सगळे बापाच्या सचोटीसाठी सांगतात. मला मात्र पोराचं जास्त वाटतं. घरातली ओढाताण बघूनच त्याने वार्निशचा हिशेब केला असणार ना? शाबासकीच्या आशेने आला आणि मिळालं जागरण!

असो. पुढे 'सर्वोत्तम तेवढंच पुरेसं' या अर्थाचं बापाचं ब्रीद त्यानेच लाकडात कोरलं. ठोकळ्यांच्या जोडणीच्या पेटंटचा अर्जही त्याचाच, २८ जानेवारी १९५८ चा. मार्चमध्ये बाप गेला. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचं गोदाम आगीत जळालं, तेव्हा गॉटफ्रेडने लाकडी खेळणी बंदच करून टाकली.