बिनव्याजी बाजारपेठ

नगर सुधारावयाचे म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा निघतो, आणि पैशाचा प्रश्न निघाला की पाठोपाठ सावकार दारात उभा राहतो. मी शाळेत व्याजाची उदाहरणे घालीत असे, तेव्हा मुलांना वाटे की व्याज हा सृष्टीचाच एक नियम असावा! पण दोनशे वर्षांपूर्वी एका चिमुकल्या नगराने व्याजावाचून बाजारपेठ उभारली. तीच हकीकत आज सांगतो.

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ गर्न्सी नावाचे सुमारे २५ चौरस मैलांचे बेट आहे. राजा इंग्लंडचा, पण कायदे व खजिना बेटाचा स्वतःचा. सेंट पीटर पोर्ट ही तेथील राजधानी. व्हिक्टर ह्यूगोने १८५५ ते १८७० पर्यंतची हद्दपारीची वर्षे याच नगरात घालविली. ही गोष्ट मात्र त्याच्या आधीची आहे.

१८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले, आणि युद्धकाळात भरभराटलेला बेटाचा व्यापार ओसरला. लोक बेकार झाले. समुद्राच्या माऱ्याने किनाऱ्याचे बांध खचत होते. गावाकडे येणाऱ्या वाटा कोठे कोठे अवघ्या साडेचार फूट रुंदीच्या होत्या. बाजारालाही प्रशस्त, छपराची जागा हवी होती. खजिन्यात पाहावे तर १९,००० पौंडांहून अधिक कर्ज. वार्षिक उत्पन्न सुमारे ३,००० पौंड; पैकी व्याज व नेहमीचा खर्च यांत २,३९० पौंड जात. उरलेल्या सहाशे पौंडांत करावे तरी काय? नवे कर्ज काढावे, तर त्याच्या व्याजात हेही सहाशे बुडणार!

तेव्हा बेटाच्या सभेपुढे अशी सूचना आली की, सरकारनेच स्वतःच्या नोटा काढाव्यात. प्रथम ती फेटाळली गेली. परंतु १८१६ साली सभेने एकेक पौंडाच्या ४,००० नोटा काढण्यास संमती दिली. रस्त्यांची व इतर कामे त्यांतून झाली. पुढे बाजारपेठेसाठीही याच मार्गाने पैसा उभा राहिला, आणि १८२२ साली ती खुली झाली. डॅनियल द लिल ब्रॉक हा १८२१ पासून १८४२ पर्यंत बेटाचा मुख्य अधिकारी होता. या धोरणाचा तोच खंबीर पुरस्कर्ता.

आता यातील मर्म लक्षात घ्यावे. मजुराला मजुरी नोटांत मिळे. तो त्यांतून भाकरी घेई, आणि दुकानदार तीच नोट भाडे किंवा कर म्हणून सरकारात भरी. बाजारातील गाळ्यांचे भाडे आणि मद्यावरील कर यांतून दरवर्षी ठराविक रकमेच्या नोटा परत घेऊन नष्ट करावयाच्या, हे त्या काढतानाच ठरलेले असे. म्हणजे नोट जन्मास येई तीच आपल्या मृत्यूची तिथी घेऊन. मुद्दल लोकांनी फेडलेच; वाचले ते व्याज. यात जादू नव्हती, हिशेब होता.

यश मिळाले की मोह वाढतो. एलिझाबेथ कॉलेजची नवी इमारत आणि गावातील रस्त्यांची रुंदी यांसाठी आणखी नोटा निघाल्या. १८२९ साली काही रहिवाशांनी लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलकडे तक्रार नेली, आणि बेटाला आपल्या कारभाराचा सविस्तर खुलासा करावा लागला. तोवर खाजगी पेढ्याही आपापल्या नोटा काढू लागल्या होत्या. एवढ्याशा बेटावर दोन्हीकडून कागद वाढला, तर नोटेची पत टिकणार कशी? अखेर १८३७ साली तडजोड झाली. सुमारे ५५,००० पौंडांच्या नोटा प्रचारात होत्या. सरकारने त्यांतील १५,००० पौंडांच्या परत घेऊन ४०,००० पौंडांची मर्यादा पत्करली. तक्रार करणाऱ्यांचा हेतू काहीही असो, मर्यादा हवी ही त्यांची गोष्ट खोटी नव्हती.

आजही गर्न्सी स्वतःच्या नोटा काढते, आणि ती बाजारपेठेची इमारत गावात उभी आहे. नोटा छापणे कोणत्याही राज्यास साधते. त्या वेळेवर परत घेऊन नष्ट करावयास धैर्य लागते. ते धैर्य गर्न्सीच्या सभेने दाखविले, म्हणून तिच्या कागदाचा दगड झाला. नाही तर दगडाच्या नावाने निघालेला कागद कागदच राहता.