चुन्याची उधारी

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली आणि ती दुधाळ झाली, तेव्हा मला ती जादूच वाटली होती. चुन्याचे हे कोडे जोसेफ ब्लॅक यांनी तराजूच्या साहाय्याने सोडवले. त्यांचा निबंध १७५६ मध्ये एडिंबरोत छापला गेला. चुनखडी भाजली की वायू निघून जातो, वजन घटते. उरलेला कळीचा चुना तोच वायू पुन्हा धरतो. हाच कार्बन डायऑक्साइड. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून तब्बल ४४ किलो!

आज धुरांड्यातला वायू पकडायला हाच चुना वापरून पाहतात. पण श्रोतेहो, चुना पुन्हा वापरायचा तर पुन्हा भाजावा लागतो, आणि वायू पुन्हा सुटतो. तो जमिनीखाली कायमचा कोंडला नाही, तर ही नुसती उधारी, फेड नव्हे.