सांधलेली स्टिक : भारतीय हॉकीचे एक उपेक्षित पान

भारतीय हॉकीचा इतिहास सुवर्णपदकांच्या हिशेबाने सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून १९५६ च्या मेलबर्नपर्यंत लागोपाठ सहा, पुढे १९६४ मध्ये टोकिओ आणि १९८० मध्ये मॉस्को, अशी ही आठ पदके. परंतु ज्या लाकडाने हे यश मिळवून दिले, त्याच्या डागडुजीची कथा सहसा कोणी सांगत नाही. झाशी, महू, जबलपूर अशा ज्या छावण्यांच्या गावी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याच गावी हा खेळही रुजला. म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात तिचे स्मरण आम्हांस उचित वाटते.

या कथेचा आरंभच दुरुस्तीने होतो. एका इंग्रज अधिकाऱ्याची मोडलेली टेनिस रॅकेट सियालकोटच्या कारागिराने सांधून दिली आणि त्यातून तेथील क्रीडासाहित्याचा धंदा जन्मास आला, अशी आख्यायिका आहे. १९४७ च्या फाळणीनंतर तेथील अनेक कारागीर जालंधर व मेरठ येथे आले आणि भारतात हा धंदा नव्याने उभा राहिला.

जुनी स्टिक म्हणजे दोन लाकडांचा संसार. खालचे वाकवलेले टोक तुतीचे, वरचा दांडा वेताचा. वेताच्या पट्ट्यांत रबर घालीत, म्हणजे फटक्याचा हादरा हाताला बसत नसे. दांडा निमुळता करून टोकाच्या खाचेत सरसाने बसवीत. बहुधा हा सांधाच प्रथम सुटे, किंवा तुतीला तंतूंच्या दिशेने उभी चीर जाई. मग घरोघरी उपचार चाले. चीर स्वच्छ करून तीत गरम सरस भरावयाचा, सुतळीने घट्ट आवळून स्टिक रात्रभर सावलीत ठेवावयाची. नंतर मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे देऊन पॉलिश कागदाने ती गुळगुळीत करावयाची आणि दव-पाण्यापासून राखण्यासाठी जवसाचे तेल चोळावयाचे. ठोकलेला खिळा लाकूड अधिकच फाडी आणि इतरांस इजा करी. वेढ्यांनाही मर्यादा होती : गुंडाळलेली स्टिक दोन इंच व्यासाच्या कड्यातून पार झालीच पाहिजे, असा नियम. सांधणाऱ्याचे कौशल्य या कड्यापाशी कसास लागे.

गरिबाच्या मुलाला खेळाचे दार उघडले ते या कौशल्याने. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊनच हॉकी शिकले. पुढे १९९२ ते २००४ या काळात ते चार ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळले.

१९७६ मध्ये माँट्रिअल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. या पीछेहाटीस कारणे अनेक. परंतु मातीच्या मैदानाबरोबर घरच्या सरसाचेही महत्त्व ओसरले, हे खरे. पुढे काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या स्टिका आल्या. त्यांचा फटका जोरकस, पण एकदा आतून तडकल्या की घरच्या दोऱ्याने त्या पूर्ववत होत नाहीत. नवी घ्यावी लागते, आणि ती प्रत्येकाला परवडत नाही.

गेलेले लाकूड परत यावे, असा आमचा आग्रह नाही. मात्र मोडक्या स्टिकेने खेळणाऱ्या मुलालाही मैदानात स्थान होते, ही जुन्या हॉकीची खरी श्रीमंती होती. ती आज कोणत्या मार्गाने राखावयाची, याचा विचार पदके मोजणाऱ्यांनी अवश्य करावा.