ओम्नी थरथरते, तेव्हा...

सिग्नलला उभी असलेली जुनी मारुती ओम्नी थरथरू लागली, की ‘इंजिनाचे काम निघाले’ असे सांगणारे लगेच भेटतात. १९८४ मध्ये व्हॅन म्हणून आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मात्र मालवाहतुकीसाठी आणि छोट्या व्यवसायांसाठी ती आजही वापरात आहे. ज्याचे पोट या गाडीवर आहे, त्याला इंजिन उघडण्याचा खर्च परवडणारा नसतो. पुष्कळदा त्याची गरजही नसते.

ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे आणि ते पुढच्या आसनांखाली बसवलेले असते. क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट होत असल्याने मंद गतीत थोडा कंप राहणारच. तो अचानक वाढला असेल, तर दोष शोधावा.

आधी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस वाढवून पाहावी. रेससोबत थरथर बदलत असेल, तर इंजिन किंवा त्याची माउंटिंग यांकडे वळावे. उभ्या गाडीत काही न जाणवता ठरावीक वेगालाच हादरे बसत असतील, तर चाकांचे बॅलन्सिंग आणि मागच्या चाकांना शक्ती पोचविणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत. माउंटिंगचे रबर फाटले किंवा तेलाने फुगले, तर निरोगी इंजिनही सारी गाडी हलवते.

इंजिन ‘मिसिंग’ करत असेल, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगची एकेक वायर क्षणभर काढून पाहण्याची रीत आहे. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर काम करतो. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथे आहे. हे काम विद्युतरोधक पक्कडीनेच करावे. एमपीएफआय गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यास न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो, म्हणून तेथे हा प्रयोग टाळलेला बरा. वायरी परत लावताना १-३-२ हा ज्वलनक्रम चुकता कामा नये.

टायमिंगचा घोळ वेगळा ओळखू येतो. ठिणगी फार आधी पडली, तर चढावर टकटक ऐकू येते. फार उशिरा पडली, तर पिकअप जातो, इंजिन तापते आणि पेट्रोल जास्त लागते. पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग, हा क्रम महत्त्वाचा. अनेक मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर फिरवून कानाने टायमिंग लावतात. अनुभवी कान बरोबर सांगतोही. पण उभ्या गाडीत गोड वाटणारे इंजिन घाटात टकटक करू लागते. टायमिंग लाइटने खुणा जुळवण्यास फार वेळ लागत नाही, तेव्हा ग्राहकाने तसा आग्रह धरावा.

एवढे करूनही इंजिन अडखळत राहिले, तर काँप्रेशन मोजावे. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असल्यास प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह संशयित. तिन्ही आकडे सारखेच घसरले असतील आणि नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर हेड उघडण्यापूर्वी बेल्टच्या खुणा पाहाव्यात. बेल्ट एक दात चुकून बसला, तरी गाडीतील जोर जातो.

काम झाल्यावर आसनाखालचे झाकण आणि त्याची सीलपट्टी नीट बसली आहे ना, हे मालकाने स्वतः पाहावे. सायलेन्सरच्या जोडातून गळणारा कार्बन मोनॉक्साइड तेथूनच आत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो.